अप्पा मास्तरांची जुम्म्याची शाळा

अप्पा मास्तरांच्या मागून रानात जायचं म्हणजे मानेला शिक्षा होती. दर शंभर पावलांवर ते थांबत आणि सगळ्यांना मागं वळून बघायला लावत. "जाताना दिसलेली वाट येताना तशी नसती. आत्ताच तिचं तोंड बघून ठिवा," असं त्यांचं म्हणणं. मग पोरं वळायची, आम्ही बाया पदर सावरत वळायचो, कुणी म्हातारा आलेला असला तर तो काठीभोवती गोल फिरून वळायचा. वळल्यावर काय दिसलं ते सांगावं लागे. नुसतं 'झाड' म्हणून सुटका नव्हती. कसलं झाड, त्याचा कल कुणीकडं, बुडाशी दगड कसला, सगळं. एकदा एका पोरानं कंटाळून "मास्तर, मागं तुमीच दिसायलाव" असं सांगितलं, कारण अप्पा तोवर फिरून सगळ्यांच्या मागं जाऊन उभे राहिले होते. अप्पांना ते उत्तर पसंत पडलं.

माझं माहेर पोखर्णीचं. तिथली जमीन तव्यासारखी सपाट. लग्न होऊन राणीसावरगावला आले तेव्हा गावामागचा डोंगर बघून मला धडकी भरली होती. आता कळतं, की त्याला डोंगर म्हणणं जरा जास्तच आहे. बालाघाटाची एक शेपटी तिथवर आलेली आणि तिच्या अंगावर पळस, धावडा, खैर, सीताफळीचं रान. पण गावातली शहाणीसुरती माणसं त्या रानात पाऊल टाकत नसत. धनगर मेंढरं घेऊन जात, लाकूडतोडे जात, आणि बाकीच्यांसाठी तिथं लांडगे होते.

आमचं वाण्याचं घर. अप्पा आमचे शेजारी, आमच्यासारखेच लिंगायत, गावच्या सरकारी शाळेत मास्तर. निजामाच्या राज्यात शाळेची सुट्टी शुक्रवारी, म्हणजे जुम्म्याला. इतर मास्तर जुम्म्याला झोप काढत. अप्पांनी त्या दिवशी दुसरी शाळा काढली, रानात. तिला इयत्ता नव्हती, हजेरी नव्हती, वयाची अट नव्हती. ज्याला चालता येतं तो विद्यार्थी. मी सांगतेय ती पोलीस ॲक्शनच्या आधीच्या चार-पाच वर्षांतली गोष्ट.

या शाळेला रानाच्या तोंडाशी एक खोपी होती. गावानंच बांधलेली. कुणी बल्ल्या दिल्या, कुणी पाचट दिलं, आमच्या दुकानातून सुतळी गेली. आत दुधी भोपळ्याच्या वाळक्या तुंब्यांमध्ये तऱ्हेतऱ्हेच्या बिया, सुगरणीची खाली पडलेली घरटी, साळिंदराचे काटे, मोराची पिसं. नियम एकच, तोडलेलं काही आणायचं नाही, पडलेलंच आणायचं. खोपीपासून तीन वाटा निघत. अप्पांनी दगडांवर चुन्याचे टिपके काढून त्या बांधल्या होत्या. एका टिपक्याची वाट म्हाताऱ्यांची आणि लेकुरवाळ्यांची, दोन टिपक्यांची पोरांची, आणि तीन टिपक्यांची ज्याची छाती असेल त्याची.

मी त्या शाळेत गेले ते आत्याबाईंच्या गुडघ्यांमुळं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. तरण्या सुनेनं रानात जायचं हे त्यांच्या सात पिढ्यांत झालेलं नव्हतं. अप्पा ओसरीवर येऊन बसले, आत्याबाईंच्या गुडघ्यांची चौकशी केली, आणि म्हणाले की निर्गुडीचा पाला लागतो पण ओळखून आणायला घरचंच माणूस पाहिजे, बाहेरचा काहीही उपटून आणील. पुढच्या जुम्म्याला मी रानात होते. गुडघे काही बरे झाले नाहीत, आणि ते बरे होऊ नयेत अशी माझी मनातली इच्छा होती, हे आता सांगायला हरकत नाही. माझ्यामागून गल्लीतल्या आणखी आठ-नऊ जणी आल्या. प्रत्येकीच्या घरात कुणाचं तरी काहीतरी दुखतच होतं.

अप्पा झाडाचं नाव आधी सांगत नसत. साल हुंगायला लावत, पान चुरगळायला लावत, आणि मग विचारत, "हे तुमच्या घरात कुठं हाय?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. धावड्यापाशी एकीला आठवलं, की गाडीचा आख धावड्याचा. दुसरीला आठवलं, की बाळंतिणीच्या लाडवातला डिंक धावड्याचाच. "मंग आता सांगा, ह्याला रानातलं म्हणायचं का घरातलं?" अप्पा विचारायचे. त्या प्रश्नाची मला इतकी सवय झाली, की स्वयंपाकघरात उलथनं उचललं तरी मी त्याच्या मुठीचं लाकूड बघायला लागले.

माणूस बुटका, अंगानं काटकुळा, गळ्यात चांदीच्या करड्यात, म्हणजे छोट्या डबीत, लिंग. पूजेची वेळ झाली की रानात असतील तिथं बसत, डाव्या तळहातावर लिंग घेत, आणि बेलाखाली पडलेलं पान पुसून वाहत. झाडावरचं ताजं पान का नाही, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, पडलेलं पान झाडानं आपणहून दिलंय, देवाला मागून आणलेलं कशाला वाहायचं? आमच्यात मेलेल्याला जाळत नाहीत, बसवून पुरतात. अप्पा म्हणायचे, "लिंगायताला मेल्यावर लाकूड लागत न्हाई. झाडांवर आपला तेवढा उपकार हाय. त्येच्यावर जास्ती मिजास करू नका." त्यांचं बाकीचं चरित्र मला सांगता येणार नाही. बायको पूर्वीच वारलेली, मूलबाळ नाही, एवढं गावाला माहीत होतं.

त्यांचा एक दोष मात्र सांगायला हवा. सरकारी माणसानं शाबासकी दिली की अप्पा विरघळत. शाळेचे वरचे साहेब मुआयन्याला, म्हणजे तपासणीला, आले, तेव्हा अप्पांनी ठेवणीतली शेरवानी घातली होती. साहेबांनी पोरांना नद्या विचारल्या. पोरं ठप्प. साहेब वैतागून काठीवर रेलले, तर पहिल्या रांगेतलं पोर म्हणालं, साहेब, तुमची काठी धावड्याची हाय. साहेबांनी आणखी चार वस्तू विचारल्या. पोरांनी मेजाचं, फळीचं, दाराचं, सगळ्यांचं लाकूड सांगितलं. साहेबांनी वहीत शेरा लिहिला, की मुलांना नद्या येत नाहीत, झाडं येतात. हा टोमणा होता असं सगळ्या गावाला कळलं. अप्पांनी तो दुकानादुकानात वाचून दाखवला.

आता धुळबाची ओळख करून द्यायला पाहिजे. धुळबा धनगर, दोनशे मेंढरांचा मालक, अप्पांच्याच वयाचा. तो बोलायचा कमी. एका चैत्रात तीन टिपक्यांच्या वाटेवर आमच्यातली एक पोरगी उन्हानं चक्कर येऊन पडली. जवळचं पाणी संपलेलं. धुळबा वरच्या अंगाला मेंढरं घेऊन बसला होता. त्यानं पोरीला उचललं, करवंदीच्या जाळीतून आत शिरला आणि एका कपारीपाशी आला. तिथं वाळूत हातभर खड्डा आणि त्यात पाणी. थंडगार झिरा. एवढ्या वर्षांत अप्पांना त्याचा पत्ता नव्हता. असे सात झिरे त्या रानात होते, बारा महिने न आटणारे, आणि धनगरांशिवाय ते कुणाला ठाऊक नव्हते. सगळीकडचं पाणी आटलं की धनगरांची मेंढरं या सात झिऱ्यांवर उन्हाळा काढत.

पोरगी शुद्धीवर आल्यावर धुळबा अप्पांना म्हणाला, "एक बघितलं तर साती बघा. अर्धं माहिती असलेलं वाईट. पर मास्तर, पाणी दावायचं असतं, सांगायचं नसतं. ज्याला तहान लागली त्येचा हात धरायचा आन न्यायचं. तोंडानं गेलेलं पाणी राहत न्हाई."

अप्पांनी ते कसोशीनं पाळलं. झिऱ्यांपाशी त्यांनी टिपका काढला नाही, नाव दिलं नाही. कुणाला न्यायचं झालं तर खरोखरच हात धरून नेत, आणि आम्हा बायकांना फांदीचं एक टोक हातात देऊन, दुसरं आपण धरून. धुळबाही मग खोपीवर येऊ लागला. मेंढरू कुठला पाला खातं आणि कुठला सोडतं हे तो पोरांना दाखवायचा. शाळेचा खरा मास्तर धुळबा आणि आपण नुसते घंटा वाजवणारे, असं अप्पा म्हणत.

वाकळ शिवली ती त्या पुढच्या पावसाळ्यात. रानात चिखल, जुम्म्याला खोपीतच बसून राहावं लागे. अप्पांनी पोरांना जमिनीवर कोळशानं रान काढायला सांगितलं. आम्हा बायांना लिहिता येत नव्हतं, पण टाका येत होता. घराघरातून चिंध्या आल्या. हिरव्या तुकड्यांचं रान झालं, तांबड्या तुकड्याची खोपी झाली, पांढऱ्या दोऱ्याच्या तीन वाटा धावल्या, वाटेवर एक, दोन, तीन गाठींचे टिपके. ओढा, लांडग्याची गुहा, मोराच्या नाचाचं टेकाड. पाच आठवडे आम्ही भान हरपून शिवत होतो. शेवटी मला वाटलं, काहीतरी कमी आहे. मी माझं निळं लुगडं फाडलं आणि सात झिऱ्यांच्या जागी सात ठिगळं लावली. जागा चोख होत्या. दर शंभर पावलांवर मागं वळून बघायला शिकवलेली माणसं आम्ही, चुकणार कशा?

अप्पांनी वाकळ बघितली. त्यांचे डोळे ओले झाले. मग त्यांचं बोट निळ्या ठिगळांवर गेलं. एक, दोन करत सात मोजली आणि त्यांचा चेहरा उतरला. हे कुणी लावलं विचारलं. मी लावलं म्हणाले. काढा, म्हणाले ते. कुणी हललं नाही. त्यांनी आमच्या तोंडांकडं बघितलं आणि हसले. "ऱ्हाऊ द्या. वाकळ कुणाला सांगायला जायलीय?"

मला त्या वेळी फार आनंद झाला. माझं ठिगळ राहिलं होतं ना.

त्या दिवाळीनंतर जंगलातचे, म्हणजे निजामाच्या जंगलखात्याचे, एक साहेब आले. उगाच नाही आले, अप्पांनीच दरखास्त पाठवून बोलावलं होतं. रानातल्या शाळेला सरकारनं मानावं, खोपीवर कौलं पडावीत, आपल्यामागं दुसऱ्या मास्तरानं ती चालवावी, अशी त्यांची इच्छा होती. साहेब तरुण, हैदराबादचे, बोलायला मऊ. गावाला वाटलं होतं की घोड्यावरून हुकूम सोडतील. ते जुम्म्याला पायी आले, पोरांच्या रांगेत चालले, दर शंभर पावलांवर सगळ्यांबरोबर वळले. एका पाखराचं नाव त्यांना येत नव्हतं ते एका पोरीकडून लिहून घेतलं. आमच्या हातची भाकरी खाल्ली. इतका चांगला साहेब मी नंतर बघितला नाही.

खोपीत त्यांना बसायला अप्पांनी ती वाकळ अंथरली. दुसरं होतं काय? साहेब बसले नाहीत. वाकून बघायला लागले. मग गुडघ्यावर टेकले, बूट लांब ठेवून, आणि एकेका वाटेवरून बोट फिरवत अप्पांना विचारू लागले. अप्पा मोडक्यातोडक्या उर्दूत सांगत होते, हे खोपी, हे ओढा, हे मोराचं टेकाड. चेहरा असा फुललेला, की मुआयन्याच्या शेऱ्याच्या दिवशीही तेवढा नव्हता. साहेबांनी विचारलं की बकऱ्या-मेंढरांचा त्रास होतो का. अप्पांनी खरं ते सांगितलं, की वाटेकडेची रोपं खातात खरी. मग साहेबांचं बोट निळ्यावर आलं.

अप्पा एक श्वासभर थांबले. मी बघत होते.

"पानी है, साब," ते म्हणाले. "बारा महिने का."

साहेब "बहुत खूब" म्हणाले. दोनदा म्हणाले. आमच्याकडं एक रीत होती. पाहुण्यासाठी अंथरलेलं नवं कापड त्याच्या मनात भरलं, तर ते घडी घालून त्याच्या हातात द्यायचं. परत गुंडाळून ठेवणं म्हणजे पाहुण्याचं तोंड पाडणं. आत्याबाईंच्या माहेरच्या दोन चांगल्या सतरंज्या याच रीतीनं गेल्या होत्या आणि त्यांनी कधी तक्रार केली नव्हती. अप्पांनी आमच्याकडं बघितलं. आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. मी सर्वांत आधी हलवली. हैदराबादला आपलं ठिगळ जाणार, या विचारानं माझी छाती फुगली होती. अप्पांनी वाकळीची घडी केली आणि साहेबांना दिली.

माघात जंगलखात्याचे गडी आले. रानाभोवती हद्दीचे दगडी मुनारे रचले, त्यांना चुना फासला आणि त्यांच्या आतलं रान सरकारनं राखीव केलं. जनावरांना मनाई. मुनाऱ्यांची रेघ सरळ कुठंच नव्हती. ती वाकडी जाऊन एकेक झिरा आत घेत होती, सातच्या सात. त्याच आठवड्यात अप्पांना दोन कागद आले. एकात गावच्या हुन्नराची तारीफ होती, आणि लिहिलं होतं की आपल्या नकाशामुळं काम फार सोपं झालं, रानाचा आणि पाण्याचा आता बचाव होईल. दुसरा परवाना होता. तालिमीसाठी, म्हणजे शिकवण्यासाठी, जुम्म्याच्या दिवशी, मास्तर आणि सोबतची माणसं आत जाऊ शकतील. शाळा सरकारनं मानली होती. अप्पांनी मागितलं होतं ते सगळं मिळालं होतं.

कागद वाचून अप्पा आमच्या ओसरीवर येऊन बसले. आत्याबाईंनी पाणी दिलं ते प्यायले नाहीत. साहेबानं वाईट केलं का, हे ते स्वतःलाच विचारत होते, आणि वाईट केलं असं त्यांना म्हणता येत नव्हतं. रोपं मेंढरं खातात हे त्यांनीच सांगितलं होतं. पाणी त्यांनीच सांगितलं होतं. कुणावर रागवायचं?

धुळबा दुसऱ्या दिवशी आला. अप्पांनी त्याला काही लपवलं नाही. वाकळ, साहेब, बोट, सगळं सांगितलं. मी भिंतीपलीकडं उभी होते. निळी ठिगळं माझी, हे मी पुढं होऊन सांगायला हवं होतं. मी पुढं झाले नाही, आणि अप्पांनीही माझं नाव घेतलं नाही.

धुळबा म्हणाला, "पाव्हण्याला दिलंय तुमी. दिलेलं मागता येत न्हाई." आणि उठून गेला. शिव्या दिल्या असत्या तर अप्पांना बरं वाटलं असतं.

मग अप्पांच्या खेपा सुरू झाल्या. शेरवानी घालून ते गंगाखेडला गेले, परभणीला गेले, परत गंगाखेडला गेले. दिवसदिवस कचेरीच्या ओट्यावर बसले. कारकून बरे होते, पाणीबिणी विचारत. म्हणत, मास्तर, नक्शा तुमच्याच गावचा आहे, तक्रारही तुमचीच, आम्ही लिहायचं काय? त्या साहेबांना भेटतो म्हणाले, तर साहेबांचा तबादला झालेला, कुठं ते माहीत नाही. नवे साहेब अजून यायचे होते. गावातली माणसं म्हणू लागली, की अप्पा, तुमच्या शाळेला तर मुभा आहे, मग धनगरांचं दुखणं तुम्ही का काढता?

फाल्गुन संपला. खालचे ओढे आटले. जुम्म्याच्या सकाळी अप्पांनी आम्हाला बोलावलं आणि घागरी घेऊन यायला सांगितलं. परवाना त्यांच्या हातात होता. रानाच्या तोंडाशी बसवलेल्या जंगलखात्याच्या नाकेदारानं घागरींकडं बघितलं, तेव्हा अप्पांनी परवाना त्याच्यापुढं धरला. "ह्यात लिवलंय, माणसांना मुभा, जनावरांना मनाई. घागर काय जनावर न्हाई." नाकेदारानं तो कागद दोनदा वाचला आणि दुसरीकडं तोंड करून विडी पेटवली.

आम्ही नऊ बाया आणि चौदा-पंधरा पोरं. झिऱ्यातून वाटीवाटीनं घागर भरायची, डोक्यावर घेऊन मुनाऱ्यापर्यंत यायचं, मुनाऱ्याच्या बाहेर गावानं आणून ठेवलेल्या दगडी डोणीत ओतायची, पुन्हा जायचं. दर शंभर पावलांवर मागं बघायला कुणी सांगत नव्हतं. डोणीभोवती धुळबाची दोनशे मेंढरं. पाण्याचा वास आल्यावर ती वेड्यासारखी रेटू लागली. धुळबा आणि त्याची दोन्ही मुलं काठ्या आडव्या धरून उभी. पुढच्या रांगेनं डोण रिकामी केली, आणि मागची मेंढरं पुढच्यांची ओली तोंडं चाटायला लागली. दुपारपर्यंत आम्ही वाहत होतो. निम्म्या मेंढरांनासुद्धा पुरलं नाही. आणि तो एक जुम्मा. पुढच्या जुम्म्यापर्यंत सहा दिवस होते.

अप्पांनी उरलेल्या सहा दिवसांसाठी दरखास्त लिहिली. तिला उत्तर आलं नाही.

असे चार जुम्मे झाले. पाचव्याला माझ्या घरून मला सोडलं नाही. आत्याबाई म्हणाल्या, निर्गुडी आणायला पाठवली होती, धनगराचं पाणी भरायला नाही. त्यांचंही चुकलं नव्हतं, माझ्या पोटात तेव्हा तीन महिन्यांचं मूल होतं. एकेक करत सगळ्याजणी गळाल्या. पोरांना हातातल्या घागरी जड झाल्या. त्याच आठवड्यात धुळबा मेंढरं घेऊन गंगेकडं, म्हणजे गोदावरीच्या काठाला, निघून गेला. जाताना अप्पांना भेटला नाही. काठचे शेतकरी पिकात मेंढरं घालू देत नाहीत हे त्याला माहीत होतं. पण पाणी तरी होतं.

अप्पांची जुम्म्याची शाळा मग नावालाही राहिली नाही. अप्पा मात्र जायचे. त्यांनी खांद्यावर कावड घेतली, दोन्हीकडं एकेक घागर. डोण भरायचे. गावाला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मी एकदा धीर करून विचारलं, की मेंढरं नाहीत तर कुणासाठी भरता? म्हणाले, धुळबा कुठल्याही जुम्म्याला येईल. आलेल्याला डोण कोरडी दिसायला नको.

वर्ष गेलं. पोलीस ॲक्शनच्या आधीचा तो उन्हाळा. दिवस वाईट होते, आडगावात दुकान चालवणं जमेना, म्हणून यांनी सोनपेठला त्यांच्या मामांच्या दुकानाशेजारी बिऱ्हाड करायचं ठरवलं. आम्ही निघालो तो वार जुम्मा होता. गाडीची वाट मुनाऱ्यांच्या कडेनं जाते. डोणीपाशी अप्पा दिसले. मी यांना गाडी थांबवायला सांगितलं. अप्पा घागर ओतत होते, ती पुरती ओतून झाल्यावरच त्यांनी वर बघितलं. खांद्यावर कावडीचा घट्टा पडला होता. त्यांनी माझ्या तान्ह्या मुलाच्या डोक्यावर ओला हात ठेवला आणि म्हणाले, "सोनपेठला जायलाव? गंगेच्या अंगाला धुळबा भेटला तर म्हणावं, डोण भरलेली हाय." मी हो म्हणाले. गाडी हलली. मी मागं वळून बघितलं नाही. मला ते जमलं नसतं.

धुळबा मला भेटला. राज्य बदललं, पाऊसपाणी होऊन गेलं, आणि पौषात सोनपेठच्या बाजारात एका झाडाखाली तो दोरखंडं विकत बसलेला दिसला. मी जवळ जाऊन अप्पांचा निरोप सांगितला. त्यानं तो दुसऱ्यांदा सांगायला लावला.

"अजून भरायलेत?" त्यानं विचारलं.

"दर जुम्म्याला," मी म्हणाले.

तो हातातल्या दोराचा पीळ उलगडत बसला. मग म्हणाला, "मेंढरं न्हाईत आता, बाई. पैल्याच उन्हाळ्यात निम्मी मेली, उरलेली इकली. मी आता दुसऱ्याच्या रानाची राखण करायलाव. कुणीतरी सांगा मास्तरांना. त्येंच्या जिवाला बरं न्हाई ते वझं."

कुणीतरी म्हणजे मीच. राणीसावरगावचे गाडीवान दर बाजाराला आमच्या दुकानी मीठ-गूळ घ्यायला येत. मी त्यांना गल्लीतल्या प्रत्येकीची खुशाली विचारत असे, आणि शेवटी अप्पांची. अप्पा बरे आहेत, ते म्हणत. जुम्म्याला कावड घेऊन जातात. दर वेळी मी ठरवायची की आज सांगायचं, आणि दर वेळी मला अप्पा डोणीपाशी उभं राहून तो निरोप ऐकताना दिसायचे, आणि मी गुळाची ढेप पुढं करायची. असं तीन वर्षं चाललं. मग एका बाजाराला गाडीवानानंच आपणहून सांगितलं, की अप्पा गेले, बसल्या जागी गेले, गावानं नीट माती दिली.

त्यांना सांगायला मला एक वाक्य लागलं असतं. तेवढं माझ्याकडून झालं नाही.